सुईचा सराव

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. विमान उडवताना कानात गाणी लावणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. आमच्या फ्लाइंग क्लबात हल्ली जो उठतो तो महागडा हेडसेट गळ्यात अडकवून येतो, त्याला फोन जोडतो आणि लाडात येऊन मला विचारतो, "बाई, वर गेल्यावर अगदी हळू आवाजात लावलं तर चालेल ना? एकाग्रता वाढते." एकाग्रता वाढते, डोंबल! इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं सोडून कुणाचं प्रेम कसं तुटलं ते ऐकत बसणार, आणि म्हणे एकाग्रता. मी सरळ वायर उपटते. वायर नसेल तर हेडसेटच उपटते. एकदा एका दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावरून उपटला, तर त्याच्याबरोबर डॉक्टरांचा टोपही हातात आला. त्यांनी क्लब बदलला. बदलू देत. मी काही बोलावणं धाडलं नव्हतं.

तर मी शिकवते. क्लबातली सगळ्यात जुनी शिक्षिका मी, आणि सगळ्यात जुनं विमान माझ्या वाट्याला. दोन सीटांचं, डोक्यावर पंख असलेलं, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारं. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. इंजिन सुरू झालं की ती आधी खोकते, मग कुरकुरते आणि मग दिवसभर तक्रार न करता काम करते. आमचं दोघींचं चांगलं जमतं.

म्हातारीच्या पुढ्यात आता नकाशाचा रंगीत पडदा बसवलाय. पण त्याच्या खाली एक जुनं काळं खोकं आहे, ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हे खोकं म्हणजे साधा मीडियम वेव्हचा रेडिओ. आमच्या विमानतळावर एक बारकासा टॉवर आहे, तो रात्रंदिवस टिक-टॅक, टिक-टॅक अशी स्वतःची ओळख पाठवत असतो. खोक्यावर तो लावला की ती टिक-टॅक तुमच्या हेडसेटमध्ये ऐकू येते, आणि वरच्या तबकडीतली सुई फिरून त्या टॉवरकडे तोंड करते. सुईमागे जा, घर येतं. धुकं असो नाहीतर ढग, डोळे मिटून येता येतं. पण गंमत अशी की गाण्यांची स्टेशनंही त्याच पट्टीवर लागतात. एखादं स्टेशन लावलं तर कानात गाणी सुरू होतात, आणि सुई बिचारी भोळी, ती त्या स्टेशनच्या टॉवरकडे बोट दाखवत बसते. म्हणून माझा नियम, जो मी घसा कोरडा होईपर्यंत ओरडते: आधी ओळख ऐका, मग सुईवर विश्वास ठेवा. माझ्या पाठीमागे पोरं हे वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. मला ठाऊक आहे. छान नक्कल करतात मेली.

आकडे दाखवणारी खोक्याची पट्टी कधीच जळून गेली, त्यामुळे कोणतं स्टेशन लागलंय ते कानानेच ओळखावं लागतं. आमचा मेकॅनिक दर महिन्याला म्हणतो, "बाई, हे खोकं आता कोण वापरतं? काढून टाकू का? वजन तरी कमी होईल."

"तुझं डोकं काढून टाक," मी म्हणते. "पण त्याने फारसा फरक पडायचा नाही."

मी वापरते ना! सरावासाठी. पडदा बंद पडला तर पोरांनी काय करायचं? म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला मी सुईचा सराव देते. त्यासाठी एखादं लांबचं स्टेशन लागतं, आणि आमच्या भागात मीडियम वेव्हचं असं एकच टिनपाट स्टेशन उरलेलं. तिथे सकाळी अकराला गाण्यांचा कार्यक्रम असतो, आणि सराव नेमका अकरालाच करावा लागतो, कारण त्या वेळी हवा बरी असते. तो कार्यक्रम कोण सादर करतं याच्याशी माझा काडीचाही संबंध नाही. माझी मुलगी सादर करते.

पोर माझ्याच हाताखाली शिकली. हात असा होता तिचा की उतरताना चाकं जमिनीला कधी टेकली ते कळायचं नाही. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, शेफारतात. मोठ्या विमान कंपनीत जायचं सगळं ठरलं होतं. आणि एके दिवशी एकटीने उड्डाण करून आली, म्हातारीला जागेवर लावलं, चाकांना ठोकळे लावले, किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "आई, मला हे करायचं नाही. वर फार एकटं वाटतं गं. मला माणसांशी बोलायला आवडतं."

"मग काय, बोलण्याचे पैसे देणार आहे का कुणी तुला?" मी विचारलं.

तर देणारा निघाला की! त्या स्टेशनवाल्यांनी कार्टीला खरोखर बोलण्याच्या पगारावर ठेवून घेतलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "तिथे तुझी बडबड ऐकणार कोण?" ती म्हणाली, "तू ऐकशील." मी म्हटलं, "मेले तरी ऐकणार नाही." झालं. स्टेशनजवळच खोली घेऊन राहायला गेली. तेव्हापासून दोन वर्षं आमच्यात बोलणं नाही. माझं म्हणणं, मी आई आहे, फोन तिने करावा. तिचं म्हणणं, आईने बडबड म्हटलं, तेव्हा फोन आईने करावा. यात बरोबर कोण हे कुणीही सांगेल. मी.

नवऱ्याचं आमच्या घराखालीच केस कापायचं दुकान आहे. तिथे दिवसभर रेडिओ चालू असतो. जिन्यावर माझी पावलं वाजली की आवाज बारीक होतो, आणि खुर्चीतली गिऱ्हाइकं साबण लावलेल्या तोंडाने छताकडे बघायला लागतात. दर रविवारी नवरा "ब्लेड आणायला जातो" म्हणून निघतो आणि पोरीकडे जेवून संध्याकाळी परततो. आमच्याकडे इतकी ब्लेडं साठली आहेत की अख्ख्या गावाला दाढीसाठी तीन पिढ्या पुरतील. परत आला की मी चहा ठेवता ठेवता विचारते, "ब्लेडं बरी आहेत ना?"

"बरी आहेत. जरा सर्दी झालीय."

"मग ब्लेडांना सांगावं, पंखा अंगावर घेऊन झोपू नका."

"सांगितलं."

"आणि केस ओले ठेवून बाहेर पडू नका."

"तेही सांगितलं गं."

असं आमचं बरं चाललं होतं. मग एका रविवारी हा माणूस ब्लेडांशिवायच परत आला. चपला न काढता स्वयंपाकघरात आला आणि स्टुलावर बसला.

"स्टेशन बंद होतंय," तो म्हणाला. "मीडियम वेव्ह आता कुणी ऐकत नाही म्हणे. या शुक्रवारी शेवटचा कार्यक्रम. पोरीला लांब मोठ्या शहरात काम मिळालंय. शनिवारी सकाळच्या गाडीने चाललीय."

मी गॅस बारीक केला. बारीक करायची गरज नव्हती, भांड्यात काहीच नव्हतं.

"जाऊ दे," मी म्हटलं.

"अगं, जायच्या आधी एकदा भेट तरी तिला."

"मी कशाला? ती काय म्हणते?"

"ती म्हणते, आईने एकदाच म्हणावं की मी तुझा कार्यक्रम ऐकते. एवढंच. मग मी पळत घरी येईन."

"अहो, मी ऐकतच नाही, तर म्हणू कशी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला जरा लाज वाटली. "ऐकत नाहीस?"

"नाही."

"मग गेल्या महिन्यात तिने रेडिओवर सांगितलं की तिचा चहाचा कप फुटला, तेव्हा माझ्याबरोबर तिला दोन कप का पाठवलेस?"

"घरात जास्त झाले होते."

"आपल्याकडे आता एकच कप उरलाय. आपण आळीपाळीने चहा पितो."

मी रिकामं भांडं गॅसवरून उतरवलं. दोन वर्षं ती माझ्या कानात होती. रागावलेली असली तरी रोज अकराला तिचा आवाज यायचा, सुई तिच्याकडे वळायची आणि मला कळायचं की कार्टी आहे, तिथेच आहे, बरी आहे. शुक्रवारनंतर ती सुई नुसती गरगरत राहणार होती. पण "मी ऐकते" म्हणायचं? दोन वर्षांनी? तिच्यासमोर उभं राहून? माझी जीभच वळेना. म्हणून पाहिलं मी, न्हाणीघरात दार लावून म्हणून पाहिलं. "मी ऐक" इथपर्यंत आलं आणि खोकला आला.

आता नशीब बघा. त्याच आठवड्यात माझी परीक्षा होती. आम्हा शिकवणाऱ्यांनाही दर काही वर्षांनी परीक्षा द्यावी लागते, परीक्षक शेजारी बसतात आणि आम्हाला अजून उडवता येतं का ते पाहतात. क्लबाने कोणता दिवस ठेवू विचारलं. मी म्हटलं, शुक्रवार, साडेदहा. मेकॅनिक म्हणाला, "बाई, तेव्हा ऊन चढलेलं असतं, वर गचके बसतात. सकाळी सातला घ्या की." मी म्हटलं, "तुला विचारलंय का कुणी?" त्याने मात्र खोक्याच्या वायरी कुणी न सांगता साफ करून ठेवल्या. क्लबात सगळ्यांना सगळं माहीत होतं, असं माझा नवरा नंतर म्हणाला. मी मात्र समजत होते की सरावाबद्दल कुणाला शंका नाही.

परीक्षक म्हणून आले ते गप्पसाहेब. हे आमचं ठेवलेलं नाव. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, आणि तोंडातून फक्त एक शब्द: "हं." तुम्ही विमान उत्तम उतरवलं तरी हं, झाडाला धडकवणार असाल तरी हं. त्या हंला घाबरून चांगली चांगली माणसं नापास झाली आहेत. आणि चूक होत असेल तर ते सांगत नाहीत, पुरती होऊ देतात. त्यांच्या मते परीक्षा म्हणजे तीच.

वर गेलो. वळणं झाली, वेग कमी करून विमान पडू देणं आणि सावरणं झालं, इंजिन बंद पडल्याचं नाटक झालं. सगळ्याला हं. माझा हात अगदी लोण्यासारखा चालला होता. अकरा वाजले तशी मी सहज म्हटलं, "साहेब, सुईचं यंत्र चालतंय का तेवढं तपासते."

"हं."

खोक्यात दोन स्टेशनं भरून ठेवता येतात, एक चालू आणि एक राखीव. मधलं बटण दाबलं की दोन्हींची अदलाबदल. मी एकात विमानतळ भरला होता आणि दुसऱ्यात, सरावासाठी, ते. बटण दाबलं. गाणं सुरू झालं. म्हातारीत गुपित काही राहत नाही, जे माझ्या कानात तेच शेजाऱ्याच्या कानात. गप्पसाहेब समोर बघत होते. पण त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरायला लागलं होतं, ते मी तिरक्या नजरेने पाहिलं.

गाणं संपलं आणि ती बोलली.

"तर मंडळी, आजचा आपला शेवटचा दिवस. सामान हलवायला ट्रक आलाय. स्टुडिओतला एसीसुद्धा सकाळीच काढून नेला, म्हणून खिडकी उघडी ठेवलीय. मध्येच कावळा ओरडला तर तो आजचा खास पाहुणा आहे असं समजा."

सर्दी गेली नव्हती तिची, नाकातून बोलत होती. मी स्वतःला म्हटलं, बाई, परीक्षा चालू आहे, शुद्धीवर ये. बटण दाबलं. टिक-टॅक, टिक-टॅक. विमानतळ. ठीक. मग वाटलं, पुढचं गाणं तरी कोणतं ते पाहू. बटण दाबलं. मग वाटलं, नको. बटण. मग वाटलं, आजच्या दिवस. बटण. तितक्यात गप्पसाहेब माझ्याकडे वळले, तशी मी घाईघाईने बटण आणखी दाबलं, एकदा की दोनदा कोण जाणे, आणि मोह नकोच म्हणून खोक्याचा आवाजच पार बंद करून टाकला. ना ती, ना टिक-टॅक. फक्त इंजिन.

नकाशा दिसू नये म्हणून गप्पसाहेबांनी आपली टोपी काढून त्या पडद्यावर टांगली. मग मला ती झापड दिली, डोक्याला लावायची, म्हणजे विमानाबाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरच्या तबकड्या दिसतात. बोटाने खुणा करत त्यांनी मला डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं इतकं फिरवलं की घर कुठे आणि दार कुठे ते कळेना. आणि मग ते बोलले. चक्क वाक्य बोलले. "आता सुईवरून विमानतळावर न्या."

माझा हात आवाजाच्या खुंटीकडे गेला. नियम माझाच, आधी ओळख ऐका. पण मनात आलं, आवाज वाढवला आणि चुकून तीच निघाली तर? नाकातून बोलणारी, निघून चाललेली? मग माझे डोळे भरणार, तबकड्या दिसेनाशा होणार आणि साहेब हं म्हणणार. छे! मघाशी बटण दाबलंय ना मी, आता विमानतळच लागलेला असणार. माझी खात्री होती. हात मागे घेतला.

आणि मग मी जे उडवलं म्हणता! सुई केसभर इकडची तिकडे झाली नाही. वाऱ्याचं माप बरोबर, उंची बरोबर, वळण नाही, डगमग नाही. इतक्या वर्षांत इतकं नेटकं मी उडवलेलं नाही. मनात म्हटलं, बघा साहेब, शिकून घ्या. शेवटी सुई थरथरली, गर्रकन फिरली आणि शेपटीकडे वळली. म्हणजे टॉवर बरोबर पायाखाली. मी झापड वर केली आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "साहेब, विमानतळ."

गप्पसाहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. "हं?"

हंला प्रश्नचिन्ह मी पहिल्यांदाच ऐकलं. मीही खाली पाहिलं. धावपट्टी नव्हती. एक मोकळं माळरान, त्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक उंच टॉवर, त्याच्या पायथ्याशी बसकी इमारत, इमारतीसमोर ट्रक. एक खिडकी उघडी.

"बाई," साहेब अगदी मायेने म्हणाले, "अचूक आणलंत. पण कुठे आणलंत?"

कप्पाळ माझं! मी आवाजाची खुंटी फिरवली. आधी तिचं बोलणं आलं, आणि मग तिच्या बोलण्याच्या मागे एक घरघर आली. ओळखीची घरघर. मधूनच खोकणारी. ती आमचीच होती. तिच्या उघड्या खिडकीतून म्हातारीचा आवाज तिच्या माइकमध्ये शिरत होता आणि तिथून पुन्हा माझ्या कानात येत होता. मी तिच्या डोक्यावर, ती माझ्या कानात. असली फजिती आजवर कुणाची झाली नसेल.

"एक मिनिट हं, मंडळी," ती म्हणाली आणि थांबली. "हा कावळा नाही. हे विमान मला माहीत आहे. असं फक्त तेच खोकतं. मी त्याच्यावरच शिकले." पुन्हा थांबली. "आत कोण बसलंय तेही मला माहीत आहे. वाट चुकून आली म्हणावं, तर ती बाई कधीच वाट चुकत नाही."

गप्पसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढगांकडे पाहिलं. एकही ढग नव्हता.

"मुलगी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"आई," रेडिओवरून आवाज आला. अख्ख्या भागात, घराघरांत, दुकानादुकानांत. आमच्या दुकानात म्हणे नवऱ्याचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर तसाच थांबला. "आई, ऐकतेस का मला? तुला बोलायला जमणार नाही, मला माहितीये. नको बोलूस. ऐकत असशील तर फक्त पंख हलव. आणि नसशील ऐकत तर जा सरळ. मी समजेन."

म्हातारी तोवर इमारत ओलांडून पुढे गेली होती. टॉवर मागे पडत चालला होता, आणि सुई शेपटीकडे तोंड करून बसली होती.

"साहेब," मी म्हटलं.

"परीक्षा चालू आहे," ते म्हणाले. "मी सांगितल्याशिवाय विमानाचे खेळ केले तर नापास करावं लागेल. विमानतळ शोधून परत नेलंत तर एका चुकीकडे मी कानाडोळा करीन." इतकं बोलून त्यांना दम लागला.

म्हणजे झाकली मूठ माझ्या हातात होती बघा. सरळ निघून जायचं. परीक्षा पास, मान शाबूत. ती समजेल की विमानात दुसरंच कुणी होतं, किंवा आई होती पण ऐकत नव्हती. मी रोज ऐकलं, एक दिवस चुकवला नाही, तापात ऐकलं, गचक्यांत ऐकलं, पोरांच्या उतरण्याचे धडे रद्द करून सराव सराव म्हणत ऐकलं, आणि शनिवारी सकाळी गाडीच्या खिडकीशी बसून ती मनात म्हणेल, आईने खरंच कधी ऐकलं नाही. या विचाराने मला असा राग आला, असा राग आला की काय सांगू. तिचा नाही. माझ्या या आडमुठ्या मानेचा.

"करा नापास," मी म्हटलं.

म्हातारीला असं वळवलं की गप्पसाहेब दारावर जाऊन आपटले. टोपी पडद्यावरून त्यांच्या मांडीत, मांडीतून पायात. टॉवर नीट बाजूला ठेवला, नाक त्या उघड्या खिडकीसमोरून जाईल असं धरलं, आणि डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, पंख हलवले. दोन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते दोन्ही हातांनी दांडा धरून म्हटलं.

हेडसेटमध्ये शांतता. रेडिओवाल्यांना शांतता म्हणजे पाप, तीच एकदा कार्यक्रमात म्हणाली होती. पण ती बोलेना. नुसती म्हातारीची घरघर येत होती, आणि एक कावळा. मला वाटलं, हलवले ते कमी पडलं की काय. खिडकीशी कुणीतरी आलेलं मला वरून दिसलं, पिवळा कुडता, लांब वायर ओढत आणलेली.

"नीट दिसलं नाही, आई," ती म्हणाली. आवाज अगदी ओला. "परत."

"दिसलं नाही!" मी तिथल्या तिथे ओरडले. "खोलीएवढं विमान डोळ्यांसमोर नाचवलं, आणि दिसलं नाही म्हणते! ऐकलंत साहेब?" साहेब टोपी शोधत होते. मी वळले आणि परत हलवले. चांगले दणदणीत. म्हातारीच्या मागच्या कप्प्यातलं काहीतरी सुटून खडखडायला लागलं.

"उजवा पंख जरा कमी हलला," ती म्हणाली. आता ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. "मंडळी, आमच्या आईला उजवं वळण पहिल्यापासून जड जातं."

"मला? मला जड जातं?" माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, माइकचा स्पंज भिजून चिंब झाला होता, आणि हात मोकळा नव्हता म्हणून पुसता येत नव्हतं. मी तिसऱ्यांदा फिरले. या वेळी उजवीकडूनच फिरले, मुद्दाम, आणि असे पंख हलवले की ट्रकपाशी सामान उचलणारी माणसं कपाट खाली ठेवून बघत उभी राहिली.

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि माइकवर हात ठेवावा तसा धप्प आवाज. हात काढून ती एवढंच म्हणाली, "संध्याकाळी घरी येते गं. दोन्ही कप घेऊन येते." आणि गाणं लावायचंच विसरून गेली.

गप्पसाहेबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मिशा नीट केल्या. "नापास," ते हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत बसा." मग खिडकीतून खाली बघत म्हणाले, "चला आता. दिसलं असेल तिला."

"तिला पहिल्या फेरीतच दिसलं होतं," मी म्हटलं, आणि चौथ्यांदा पंख हलवले.